साहेब आहेत का?

गाडी लावायला जागा मिळेना म्हणून नवरा पाच-सात मिनिटं मागे राहिला. तेवढा वेळ मी गाण्याच्या यंत्रांच्या त्या थंडगार शोरूममध्ये एकटी उभी होते. सेल्समन दोनदा माझ्याकडे बघून हसला आणि आपल्या कामाला लागला. नवरा दारात दिसला मात्र, तो खुर्चीतून उठलाच. "या सर, या! काय दाखवू?"

सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

आमच्या घरात गाण्याच्या यंत्रांचं वेड मला आहे. नवऱ्यालाही गाणं आवडतं, पण त्याचं मोबाइल स्टीलच्या पातेल्यात उभा करून भागतं. आवाज खरंच मोठा होतो, हे मी नाइलाजाने मान्य करते. पण दोन तानपुरे वेगवेगळे ऐकू यायला हवेत, तबला डावीकडे बसलाय हे डोळे मिटून कळायला हवं, असलं त्याला काही होत नाही. सुखी माणूस आहे.

"माझे स्पीकर 4 ओहमचे आहेत, सेन्सिटिव्हिटी 86 डेसिबल," मी म्हटलं. "हा अ‍ॅम्प्लिफायर 4 ओहमला किती वॉट देतो?"

सेल्समनने प्रश्न माझा ऐकला आणि उत्तर नवऱ्याला दिलं. नवऱ्याने, लग्नपत्रिका हातात पडल्यावर डोलावतात तशी, मान डोलावली. मग हळूच माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ओहम कमी असलेला चांगला की जास्त?" त्याचा आकड्यांशी संबंध साखर आणि कोलेस्टेरॉल यांच्यापुरताच आहे.

मला अगदीच वाऱ्यावर सोडलं होतं असं नाही हं. "मॅडम, यात सिल्व्हरही येतो, पडद्यांना मॅच होईल." "रिमोट एकदम सोपा आहे, मॅडमनाही जमेल." आणि शेवटी, अत्यंत आदराने, "मॅडमसाठी एखादं भक्तिगीत लावू?" मी पिशवीतून माझी एलपी काढून त्याच्या हातात दिली. त्याने ती नवऱ्याकडे दिली.

"ऐका सर, 20 हजार हर्ट्झपर्यंत सपाट!" म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येणारा अगदी वरचा आवाजही बाकीच्यांइतकाच स्पष्ट. नवरा चोपन्न वर्षांचा आहे. वयाबरोबर वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, आणि पुरुषांचे साधारणपणे बायकांच्या आधी. म्हणजे त्या खोलीत 20 हजार हर्ट्झ ऐकू येण्याची शक्यता सगळ्यात कमी ज्याची, त्यालाच ते ऐकवणं चाललं होतं. "वा," नवरा म्हणाला. त्याला एसीची हवा आवडली होती.

कार्ड माझं फिरलं. बिल नवऱ्याच्या नावावर झालं. वॉरंटी कार्डही. घरी जाऊन तारा जोडायची घाई होती म्हणून मी बोलले नाही, आणि मग रात्रभर चडफडत राहिले. 1902 साली कलकत्त्यात गायिका गौहरजान रेकॉर्डिंगच्या कर्ण्यासमोर गायली आणि गाणं संपताच तिने इंग्रजीत स्वतःचं नाव ठणकावून सांगितलं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या माणसांना कळावं ना, गाणं कुणाचं ते! सव्वाशे वर्षांनी मला काउंटरवर एवढंही सुचू नये?

न्याय म्हणून सांगते, स्पीकरची वायर घ्यायला पुण्याच्या तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात गेले, तिथे असं झालं नाही. गल्ल्यावरच्या काकांनी मान वर न करता विचारलं, "किती गेज? किती मीटर?" मी म्हटलं चौदा गेज, दहा मीटर. त्यांनी वायर मोजली, कापली, गुंडाळी केली. माझा नवरा आहे की नाही, असल्यास कुठे आहे, यात त्यांना काडीचाही रस नव्हता. मला भरून आलं.

या छंदात 'वाइफ अ‍ॅक्सेप्टन्स फॅक्टर' नावाचं एक परिमाण आहे. 1983 साली ते स्टीरिओफाइल या अमेरिकन मासिकात छापून आलं आणि मग रुजलंच. अर्थ असा की स्पीकर कितीही उत्तम असो, बायको तो दिवाणखान्यात ठेवू देईल का? बायको म्हणजे घरातलं हरकत-खातं. आमच्याकडे ते खातं नवऱ्याकडे आहे. स्पीकर भिंतीला टेकवला की खर्ज घुमतो, म्हणून मी शिवणाच्या टेपने मोजून दोन्ही स्पीकर दोन-दोन फूट पुढे आणले. रात्री पाणी प्यायला उठलेल्या नवऱ्याने उजव्या पायाची करंगळी डाव्या स्पीकरवर आपटली. सकाळी स्पीकर भिंतीला! मी परत मोजून पुढे आणला. त्याने मागे. असे आठ दिवस गेले. आता जमिनीवर खडूच्या खुणा आहेत आणि करंगळीला चिकटपट्टी.

पण खरी पंचाईत ऐकण्याची. दोन स्पीकर आणि माणूस असा त्रिकोण साधायचा, तर खोलीच्या मधोमध एकच खुर्ची, आणि त्या खुर्चीत हातात काहीही न घेता, डोळे मिटून बसायचं. पुरुष असा बसला की घरातले कुजबुजतात, "गाणं ऐकतोय, हाक मारू नका." मी बसले की विचारतात, "पित्त झालंय का?" पहिल्या आठवड्यात मला दोनदा अमृतांजन आणून दिलं गेलं. शेजारच्या काकू डबा परत करायला आल्या, त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. विलंबित ख्याल चालू होता, समेच्या अलीकडे. मी शेवटी उपाय म्हणून मांडीवर मटारची परात घ्यायला लागले. शेंगा सोलत असले की मला कुणी काही विचारत नाही. अर्थात त्या खोलीतल्या सूक्ष्म नादात मटार फुटल्याचा आवाज मिसळतो, पण तो बरोबर मधोमध ऐकू येतो, म्हणजे मांडणी चुकलेली नाही.

सासूबाई या सगळ्यापासून लांब होत्या. दिवाणावर बसून क्रोशाचं विणकाम. लग्नाआधी सांगलीला चार-पाच वर्षं गाणं शिकल्या होत्या, मग सुटलं. परवा मी केसरबाई केरकरांची एलपी लावली, आणि सुई थांबवून त्या म्हणाल्या, "आज बाई उतरल्यात गं."

"आई, ती रेकॉर्ड आहे. ती कशी उतरेल?"

त्यांनी पेटी ओढली. "ही काळी चार. नाही ना लागत? पांढरी पाचही नाही. मधल्या फटीत बसल्यात." आणि परत विणायला लागल्या.

मी हसून सोडून दिलं. रात्री झोप येईना. उठून 3150 हर्ट्झचा टेस्ट टोन असलेली तबकडी लावली आणि मोबाइलवर मोजला. 3083. तबकडी फिरवणाऱ्या टर्नटेबलचा रबरी पट्टा सैल पडला होता, 33⅓च्या जागी मिनिटाला 32.6 फेरे होत होते. एवढ्या महागाच्या यंत्रांच्या साखळीत चूक पकडली ती क्रोशाच्या सुईने. याच केसरबाईंचा आवाज 1977 पासून व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत अंतराळात निघालाय. ती 16⅔ फेऱ्यांनी वाजवायची, कशी ते झाकणावर कोरलंय, सोबत सुईसुद्धा दिलीय. पण वेग चुकला तर सांगणार कोण? एक सासू पाठवायला हवी होती.

पट्ट्यासाठी सर्व्हिसला तक्रार नोंदवली. सकाळी फोन आला, अर्थातच नवऱ्याच्या मोबाइलवर. तो दाढी करत होता, फोन स्पीकरवर टाकला.

"साहेब आहेत का? टर्नटेबलची कंप्लेंट होती. नक्की काय होतंय?"

"एक मिनिट हं, साहेबांना देतो," नवरा म्हणाला आणि फेसाळलेल्या हाताने फोन थेट दिवाणावर नेऊन दिला.

सासूबाईंनी विणकाम खाली ठेवलं. "हे बघ बाळा, अर्ध्या सुराला थोडं कमी उतरतंय. लिहून घे."

पलीकडे बराच वेळ शांतता होती.

"मॅडम... म्हणजे आवाज येत नाहीये का?"

"तुझा येतोय," सासूबाई म्हणाल्या. "तू लिही."