झेंड्याची शंका पडद्यासमोरच का?

बेळगावात ‘अपोलो ११’ या चांद्रमोहिमेचा माहितीपट मोठ्या पडद्यावर लागणे हीच मुळात दुर्मीळ गोष्ट. त्यासाठी खानापूर-निपाणीहूनही माणसे येतात, आणि तरी दरवेळी तेच घडते. ‘ईगल’ हे यान चंद्रावर उतरत असते, संगणक १२०२ क्रमांकाचा इशारा देत असतो, खडकाळ विवर टाळण्यासाठी आर्मस्ट्राँग यानाचा ताबा स्वतःकडे घेतात, इंधन संपत आलेले असते, आणि नेमके तेव्हाच मागून कोणीतरी मोठ्याने विचारते, ‘हवाच नाही, तर झेंडा फडकला कसा ओ?’

अहो, त्या झेंड्याच्या वरच्या कडेत आडवी दांडी होती. ती पूर्ण उघडली नाही, म्हणून कापडाला चुण्या राहिल्या आणि ते फडकल्यासारखे दिसले. चंद्रावर उतरलेल्या सहा अपोलो मोहिमांनी मिळून ३८२ किलो दगडमाती पृथ्वीवर आणली, आणि तिथे ठेवलेल्या परावर्तकांवर आजही लेसर सोडून चंद्राचे अंतर मोजले जाते. शंका जरूर काढाव्यात, मध्यंतरात त्यांवर तासभर बोलायचीही माझी तयारी आहे; पण शेजारची शाळकरी मुलगी खुर्चीच्या टोकाशी सरकून पाहत असताना, मोबाइलचा उजेड तिच्या डोळ्यांवर पाडत ‘सगळे खोटे आहे’ असे सांगत सुटणाऱ्यांची मला मनस्वी चीड येते.