टाकलं नाही ओ आईला!

रंकाळ्यावर फिरायला गेलं की कोणतरी भेटतंयच, "काय गा, आईला वृद्धाश्रमात टाकलंस म्हणं?" टाकलं काय, अडगळ हाय का ती! जागा तिनंच बघून पसंत केली, स्वतःची खोली, अंघोळीला हात द्यायला बाई, बीपीच्या गोळ्या टायमावर, रात्री बेल मारली की माणूस हजर, हे मंगळवार पेठेतल्या आमच्या खड्या जिन्यावर कोण करणार, तुम्ही येताय? एकानं तर आईबापाच्या सांभाळाचा २००७ चा कायदा ऐकवला, अरे तो आईबापाला वाऱ्यावर सोडणाऱ्यांसाठी! दुसरे शहाणे म्हणतात तिथं चोवीस तास डॉक्टर असणारच, अहो ते हॉस्पिटल न्हवं, सिरियस झालं तर दवाखान्यातच न्यायला लागतंय. आई रविवारी येती, पांढरा रस्सा वरपती आणि आश्रमातला पत्त्यांचा डाव चुकंल म्हणून आमच्याआधी परत जायला उठती.