दोन कॉलमांचा कॅमेरा

पेपरसाठी फोटो काढणाऱ्या माणसानं नवा कॅमेरा घ्यायचा बेत सांगलीत मनातच ठेवावा. चहाच्या गाड्यावर तो एकदा तोंडातून निसटला, की सगळ्या गावाचा होतो.

पुण्यात आयटीत असलेला भाचा म्हणाला, "मामा, 45 मेगापिक्सेलच्या खाली बघूच नका." त्याला आमची छपाई कुठली ठाऊक असायला! दोन कॉलमी फोटो जेमतेम चार इंच रुंद येतो. त्या कागदावर इंचाला 200 पिक्सेल मिळाले तरी चंगळ. म्हणजे रुंदीला झाले 800 ठिपके, आणि एक मेगापिक्सेल म्हणजे तर दहा लाख. 1999 साली आलेला निकॉनचा डी1 पावणेतीन मेगापिक्सेलचाच होता, तरी पेपरवाल्यांनी डोक्यावर घेतला. त्यातून कार्यालय फोटो मागवतं व्हॉट्सॲपवर. म्हणजे उरलंसुरलं तिथंच पिळून निघतं.

माझी अडचण वेगळी. कुंडलच्या मैदानात मोठी कुस्ती लागते तीच मुळी दिवस कलल्यावर. पैलवान घिस्सा मारतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत खालच्याची पाठ मातीला. तो क्षण धरायचा तर शटर हजारांश सेकंदाचं हवं, आयएसओ, म्हणजे कमी उजेडात टिपायची ताकद, 6400 ला चढवला तरी चेहऱ्यावर रवा दिसता कामा नये, आणि लेन्स हवी लांबचं जवळ आणणारी 70-200, तीही एफ 2.8 ची, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी. ही लेन्स दीड किलोच्या आसपास भरते आणि किमतीत कॅमेऱ्यालाच खाली बसवते. म्हणून मी लहान सेन्सरवर, म्हणजे आतल्या फोटो टिपणाऱ्या लहान चिपवर आलो. त्यात 200 ची लेन्स 300 सारखी जवळ आणते. गरिबाला तेवढीच सवलत.

शिवाय धूळ. मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असताना लेन्स बदलून बघा. पुढं आठवडाभर प्रत्येक पुढाऱ्याच्या कपाळावर डाग. आणि पाणी! 2019 ला कृष्णा आयर्विन पुलापाशी 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 57 च्या वर गेली, तेव्हा मी कॅमेऱ्याला दुधाची पिशवी घालून बोटीत बसलो होतो. म्हणून दुकानदाराला विचारलं, "पावसात चालेल का?"

"पावसात कशाला फोटो काढताय? उघडल्यावर काढा की."

शेवटी एका लग्नवाल्या दोस्ताचा जुना कॅमेरा बघितला. "अगदी घरच्यासारखा वापरलाय, फक्त पै-पाहुण्यांच्या कार्यात," तो म्हणाला. शटर किती वेळा उघडलं तो आकडा काढला तर 1,80,000. कंपनीनं दीड लाख वेळांपर्यंत टिकेल असं धरलेलं. एवढे पाहुणे तर अख्ख्या मिरज तालुक्यात नसतील!

बायकोनं एकच विचारलं, "एका फोटोचे किती देतात तुम्हाला?" मी लेन्स पुसायला घेतली.

तरी घेतलाच एक, हप्त्यावर. बारा फोटो सेकंदाला, दोन कार्डं, धुळीपाण्याला बंदोबस्त. हौसेनं डेस्कला फोन लावून सगळं सांगितलं. पलीकडून उपसंपादक म्हणाले, "बरं झालं. आता फोटो आडवा पाठवत जा. उभ्याला जागा नाही."