‘६ महिने थांबा म्हणे!’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. तुम्ही एक स्टार देऊन तीन तक्रारी लिहिल्यात: हायपोस्पेडियासच्या (लघवीचं भोक जन्मतः चुकीच्या जागी असण्याच्या) ऑपरेशननंतर लघवीसाठी ठेवलेली नळी रात्री तुंबली तेव्हा आमचा फोन कुणी उचलला नाही, आता बाळाला दोन धारांनी शू होते, आणि ते नीट करायच्या दुसऱ्या ऑपरेशनसाठी ‘६ महिने थांबा’ म्हणून आम्ही टोलवतोय. बाळाच्या फाइलमधलं काही इथे सांगणार नाही. तुम्ही लिहिलंय तेवढ्यालाच उत्तर.

फोनची चूक आमचीच. तो मोबाइल रात्री रिसेप्शनच्या ड्रॉवरमध्ये पडून असतो, हे मला तुमच्या रिव्ह्यूमुळे कळलं. नळीतली लघवी जिथे यायला हवी तो बाहेरचा डायपर कोरडा आणि लेकरू कुंथून रडतंय, अशा रात्री तुम्हाला आमचा आवाजही ऐकू आला नाही, याबद्दल माफी मागतो. डिस्चार्जच्या कागदावर आता नाइट सिस्टरचा आणि माझा नंबर असतो.

दुसऱ्या धारेचं जरा सविस्तर सांगतो. हायपोस्पेडियासमध्ये लघवीचं भोक लिंगाच्या टोकाला न येता खालच्या बाजूला उघडतं. ऑपरेशनमध्ये तिथल्याच कातडीचा नवा लघवीमार्ग करून केसाइतक्या बारीक धाग्याने शिवतात. एखाद्या जागी शिवण भरून आली नाही, की तिथून लघवी झिरपते. हाच फिस्टुला. मूळ भोक जितकं मागे, तितकी त्याची शक्यता जास्त. संमतिपत्रावर हे छापलेलं आहे. पण ‘छोटंसंच ऑपरेशन आहे’ असं आमच्याकडून कुणी बोललं असेल, तर त्या छापील ओळीचा तुम्हाला काय उपयोग?

६ महिन्यांवर मात्र मी ठाम आहे. आता जागा सुजलेली, कडक आहे; घाईने शिवलं तर टाके धरत नाहीत आणि भोक आणखी मोठं होतं. काही बारीक भोकं तोवर आपोआप बुजतात. शिवाय नव्या मार्गाचं पुढचं तोंड अरुंद झालंय का, ते आधी तपासावं लागतं. पुढचा रस्ता चोंदलेला असताना मागचं भोक शिवलं, तर ते परत फुटणारच.

‘पैसे उकळतात’ असंही तुम्ही लिहिलंय. दुसऱ्या ऑपरेशनला मी माझी फी घेत नाही. भूलतज्ज्ञ आणि औषधांचा खर्च येईल, तो आधी लेखी देऊ. दुसऱ्या बालशल्यचिकित्सकांना दाखवायचं असेल, तर ऑपरेशन नोट्सची प्रत जरूर मागा.

आणि तपासणीला याल तेव्हा बाळाला भरपूर पाणी पाजून आणा. धार मला स्वतः बघायचीय, आणि ओपीडीत पोरं ऐन वेळी शू करत नाहीत.