टायर कितीचा?

तीनशे किलोमीटरची बीआरएम, म्हणजे लांब पल्ल्याची सायकलफेरी, वीस तासांत संपवायची असते. एवढ्या वेळात पाठीचं, पोटाचं, झोपेचं काय करणार, हे मला कुणीही विचारलं नाही. सगळ्यांनी एकच विचारलं, "टायर कितीचा?"

माझ्या सायकलला पंचवीसचे होते. पंचवीस मिलिमीटर रुंद. हे सांगितलं की समोरचा नुसतं "हं" म्हणायचा, रिपोर्ट वाचताना डॉक्टर म्हणतात तसं.

आमच्या ग्रुपमधले काका तेविसावर ठाम. बारीक टायर, त्यात शंभराच्या पुढे पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ठासलेली. बूड दुखलं नाही तर वेग आलाच नाही, असा त्यांचा सिद्धांत. भाचा अठ्ठावीसवाला. "मावशी, काकांचं जुनं झालं. शर्यतीतले लोकही तेवीस सोडून अठ्ठावीसवर आलेत. दाब सारखा ठेवलास तर रुंद टायरचा रस्त्यावरचा ठसा आखूड आणि आडवा पडतो, त्यामुळे टायर कमी दबतो आणि ताकद कमी वाया जाते. शिवाय त्यात हवा कमी ठेवली तरी चालते. म्हणजे रस्त्याचे हादरे टायर खातो, तू नाही." शास्त्र कितपत डोक्यात शिरलं देव जाणे, पण शेवटचं वाक्य मला लगेच पटलं. खेड शिवापूर ते आनेवाडी हायवेच्या कडेकडेनं जाऊन बघा, तुम्हालाही पटेल.

"मग पस्तीसच घे ना," आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

गंमत म्हणजे आमच्या दूधवाल्याच्या काळ्या सायकलला अठ्ठावीस-दीडचा टायर आहे, पण हे इंच, म्हणजे रुंदीला जवळजवळ चाळीस मिलिमीटर. दोन्ही बाजूंना कॅन लटकवून तो खड्ड्यातून खुशाल जातो. नवं संशोधन त्याच्या आजोबांपासून त्यांच्या घरात आहे, पण त्याला ग्रुपमध्ये कुणी घेतलेलं नाही.

शेवटी निकाल दुकानातल्या पोरानं दिला. ब्रेक आणि टायर यांच्यामध्ये करंगळी घालून म्हणाला, "मॅडम, अठ्ठावीस बसेल. बत्तीस ब्रेकलाच अडकेल." एवढ्या वादाचा निकाल करंगळीनं लागला! भाच्यानं घरी येऊन व्हर्नियर लावला. "मावशी, तुझी रिम रुंद आहे. हा एकोणतीस भरतोय."

"एक मिलिमीटर फुकट मिळाला म्हण की," इति हे.

बीआरएमला शिरवळच्या अलीकडे फुटलेल्या ट्रकटायरची बारीक तार घुसली. तारेला तेवीस-अठ्ठावीस काही कळत नाही. ट्यूब बदलली, पण हातपंपानं हवा पुरेशी भरेना, म्हणून पंक्चरवाल्याकडे गेले. माझा सडपातळ व्हॉल्व्ह बघून तो हळहळला, "ताई, हा तर मोडलाय." मी पिशवीतून पितळी अ‍ॅडॉप्टर काढून लावला आणि पंचाहत्तर भरायला सांगितलं. तो दोन पावलं मागे सरकला. "मोटरसायकलला तीस भरतो मी. नळी घ्या, तुमच्या हातानं भरा."

भरली. खंबाटकीच्या चढावर तेवीसवाले काका मला मागे टाकून गेले. पाठोपाठ एक बत्तीसवालाही आला. माझ्या शेजारी येऊन त्यानं चाकाकडे पाहिलं, "हवा जरा कमी करा मॅडम!" म्हणाला आणि वळणाआड गेला.