मोबाईल नंबर इंटमध्ये कोंबणाऱ्यांनो, जरा इकडे या

रात्रीचे अडीच वाजलेत आणि मी अजून लॅपटॉपसमोर आहे, कारण कोणीतरी कधीकाळी सी++ मध्ये फाइलमधले अंक वाचून त्यांचा इंट (पूर्णांक ठेवायची ठराविक मापाची जागा) बनवणारं पंधरा ओळींचं एक फंक्शन लिहिलं आणि त्यानंतर आजपर्यंत एकानेही ते उघडून बघितलं नाही. डोकं फिरलंय माझं, म्हणून लिहितेय.

झालं असं की पार्टनरकडून रोज एक सीएसव्ही येते, त्यात कस्टमरचे मोबाईल नंबर असतात. आठवडाभर तक्रारी चालल्यात की ओटीपी येत नाही. सपोर्टवाले म्हणतात नेटवर्कचा इश्यू, एसएमएस गेटवेवाले म्हणतात आमच्याकडून मेसेज गेलाय, सगळे एकमेकांवर ढकलतायत, आणि शेवटी मी टेबल उघडून बघते तर मोबाईलच्या कॉलममध्ये १ ने सुरू होणारे नंबर, काही तर नऊच आकडी! अरे भारतात मोबाईल ६, ७, ८ नाहीतर ९ ने सुरू होतो, हे शाळेतलं पोरगं सांगेल. मी टेस्ट फाइलमध्ये ९९९९९९९९९९ टाकून रन केलं. आत काय गेलं? १४१००६५४०७. एरर नाही, वॉर्निंग नाही, लॉगमध्ये आपलं हिरवं सक्सेस.

३२ बिटांच्या साइन्ड (अधिक-उणे दोन्ही आकडे ठेवणाऱ्या) इंटमध्ये जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतो. म्हणजे २१४ कोटी. आपला लहानात लहान मोबाईल नंबर घेतलात तरी तो ६०० कोटींच्या पुढे. म्हणजे भारतातला एकही मोबाईल नंबर त्यात मावत नाही, एकही नाही, आणि तरी हा कोड भारतातल्या कस्टमरसाठी लिहिला गेला, रिव्ह्यू झाला, प्रोडक्शनला गेला. मुळात फोन नंबर हा आकडा आहेच कुठे? त्याची बेरीज करता का, सरासरी काढता का? स्ट्रिंग ठेवा ना स्ट्रिंग, साधा मजकूर!

आणि सगळ्यात संताप कशाचा सांगू, त्या फंक्शनमध्ये ओव्हरफ्लोचा, म्हणजे आकडा मर्यादेबाहेर जाण्याचा चेक आहे! दहाने गुण, पुढचा आकडा मिळव, आणि उत्तर निगेटिव्ह आलं तर एरर दे. लिहिणाऱ्याला वाटलं झालं काम. आता कागद घ्या आणि गणित करा. ७ ने सुरू होणारे सगळे नंबर गुंडाळले जाऊन (मर्यादा ओलांडली की खालच्या टोकापासून पुन्हा मोजले जाऊन) निगेटिव्ह होतात, ८ वाले ८५८९९३४५९१ पर्यंतचे निगेटिव्ह होतात, पण ९ वाले? ते सगळेच्या सगळे दोन पूर्ण फेऱ्या मारून परत पॉझिटिव्ह होऊन येतात. म्हणजे ७ वाल्यांच्या ओळी रिजेक्ट फाइलमध्ये पडायच्या आणि आमच्या ऑपरेशन्समधली एक मुलगी रोज सकाळी बसून त्या हाताने भरायची, रोज, कोणी विचारलं नाही तिला की बाई हे तू का करतेयस, आणि ९ वाले सगळे गपचूप आत जाऊन चुकीचे बसले. तिची चूक धरायला सांगत होते वरचे. तिची!! तिने भरलेले नंबर तेवढेच बरोबर आहेत त्या टेबलात.

शिवाय सी आणि सी++ मध्ये साइन्ड ओव्हरफ्लो अनडिफाइन्ड आहे, तेव्हा काय व्हावं ते भाषेच्या नियमांत ठरलेलंच नाही, म्हणजे ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करणं) चालू केलं की कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर म्हणू शकतो की हे निगेटिव्ह होणारच नाही, आणि तो चेकच उडवून टाकतो. झाल्यावर बघून उपयोग नाही हो, गुणायच्या आधी बघायचं असतं. आत्तापर्यंतचा आकडा २१४७४८३६४ च्या वर असेल, किंवा नेमका तेवढाच असून पुढचा अंक ७ च्या वर असेल, तर तिथेच थांबायचं. दोन कंडिशन. किंवा जीसीसी, क्लँग या कंपायलरमध्ये ओव्हरफ्लो सांगणारे बिल्टिन आयते आहेत, ते वापरा. एकजण मला म्हणाला स्ट्रटोल (मजकुरातून लाँग प्रकारचा आकडा वाचणारं सीचं तयार फंक्शन) वापर मग. अरे ६४ बिट लिनक्सवर लाँग ६४ बिटांचा असतो, स्ट्रटोल खुशाल सगळा नंबर वाचतो, एरर कसली देणार, आणि पुढच्या ओळीत तू तो इंटमध्ये टाकलास की परत तिथेच आलो आपण. जावाचा पार्सइंट एक्सेप्शन फेकतो, गो, रस्ट या भाषाही एरर देतात. न मावणारा आकडा आला की तोंड उघडायचं, एवढंच तर मागतेय मी.

जेसॉनचं, म्हणजे प्रोग्रॅम एकमेकांना डेटा पाठवतात त्या मजकुराच्या साच्याचं तर बोलूच नका. जावास्क्रिप्टमध्ये १२३४५६७८९०१२३४५६७८ पार्स करा, बाहेर येतं शेवटी ६८०. कारण सगळे आकडे डबलमध्ये (दशांश आकड्यांच्या ६४ बिटांच्या प्रकारात) जातात आणि ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे प्रत्येक पूर्णांक नीट मावत नाही. जेसॉनच्या आरएफसी ८२५९ या प्रमाण दस्तऐवजात ही मर्यादा लिहिलेली आहे, ट्विटरला २०१० मध्ये याच कारणासाठी आयडी स्ट्रिंगमध्ये वेगळा द्यावा लागला, डेटा पाठवायचा गूगलचा प्रोटोबफ ६४ बिटांचे आकडे जेसॉनमध्ये स्ट्रिंग म्हणूनच लिहितो. इतकी वर्षं झाली, आणि आमचा पार्टनर अजून अठरा आकडी ट्रान्झॅक्शन आयडी अवतरणचिन्हांशिवाय पाठवतो. आम्ही मेल केला तर उत्तर, तुमचा पार्सर सुधारा.

आता निस्तरायचं मलाच आहे. ९ वाल्यांचे नंबर परत मिळतील, टेबलातल्या आकड्यात ८५८९९३४५९२ मिळवले की मूळ नंबर येतो, स्क्रिप्ट लिहून झालीय, शंभरेक फाइलशी ताडून बघितले, बरोबर येतायत. पण एक जुना टेबल आहे मायएसक्यूएल या डेटाबेसमधला, त्यात कॉलम इंट आणि स्ट्रिक्ट मोड (न मावणारा आकडा नाकारणारी सेटिंग) बंद. तिथे मोठा आकडा गुंडाळला जात नाही, कमाल मर्यादेला चिकटवला जातो. त्या टेबलात प्रत्येक माणसाचा मोबाईल २१४७४८३६४७ आहे. प्रत्येकाचा. वेब फॉर्मवरून भरलेले, मूळ फाइल कुठेच नाही, त्यातून काहीही परत काढता येत नाही. उद्या सकाळी त्या सगळ्यांना इमेल जाणार, कृपया आपला नंबर पुन्हा कळवा. ज्यांचा इमेलही नाही त्यांची यादी वेगळी काढतेय आत्ता.