ऑक्टोबरातली तपकिरी बदकं

ऑक्टोबरात नांदूर मध्यमेश्वरला, चापडगावच्या मनोऱ्यावर पक्षी बघायला चला, असा आग्रह मी सगळ्यांना करतो. एक गोष्ट तेवढी सांगत नाही. या महिन्यात सगळी बदकं तपकिरी असतात.

नाशिकला समुद्र नाही. ती कसर नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा भरून काढतात. बंधाऱ्यामागे गाळ साचला, पाणगवत माजलं आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्राचं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून ते जाहीर झालं. उत्तरेकडचे पाहुणे इथं उतरतात खरे, पण घरच्या कपड्यांत. विणीनंतर नर बदकं पंखांची मोठी पिसं एकदमच टाकतात. काही आठवडे उडता येत नाही, म्हणून लपायला मादीसारखा मळकट वेष. इथं पोचतात तेव्हा पंख नवे, अंगरखा मात्र बदलायचा राहिलेला. पुस्तकातली रंगीत चित्रं डिसेंबरपर्यंत मिटून ठेवावीत.

मग ओळखायचं चोच, मान, डोळा बघून. फावड्यासारखी, डोक्याहून लांब असेल तर थापट्या. मान बारीक, लांब आणि शेपूट टोकदार, तर तलवार बदक. डोळ्यावर फिकट पट्टा, तर भुवई बदक. हळदी-कुंकू बदक मात्र इथलंच. चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकू, नर असो की मादी, बारा महिने सवाष्ण! नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. उरलेल्या सगळ्यांना मी नुसतं 'बदक' म्हणतो. वारकऱ्याला, म्हणजे पांढऱ्या कपाळाच्या काळ्या पाणपक्ष्याला, कुणी बदक म्हटलं की मात्र अधिकाराने दुरुस्त करतो.

दुर्बीण ८×४२ घ्यावी, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. १०×५० मध्ये पक्षी मोठा दिसतो, हाताची थरथरही. आधी फक्त डाव्या डोळ्याने बघत मधलं चाक फिरवायचं, मग फक्त उजव्याने बघत उजवीकडची कडी. ही कडी पिशवीत आपोआप फिरते आणि दोष पक्ष्याला लागतो. चष्मेवाल्यांनी डोळ्याकडच्या रबरी कडा आत घ्याव्यात. सूर्य पाठीशी हवा, नाहीतर तपकिरी बदकं काळी होतात. ऊन चढल्यावर हवाच थरथरू लागते, तेव्हा मोजणी सोडून पोह्यांकडे वळावं.

परतताना बांधावरूनच चालावं. ओल्या काळ्या मातीत शंभर पावलांत माणूस चार बोटं उंच होतो. बांधावर कुसळं असतातच, ती घरी जाऊन मोजावीत.

आणि "तो बघा, बाभळीवर!" असं ओरडू नये. बाभळी चाळीस असतात. समोरची मोठी बाभूळ बारा धरून घड्याळाप्रमाणे सांगावं. "दहाला!" म्हटलं की एकजण हमखास मनगटाकडे बघतो. तेवढ्यात दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी येतो, सगळा थवा उठतो आणि गढवाल बदकाच्या पंखावरचा पांढरा चौकोन, ज्यासाठी सकाळपासून उभे असतो, पाच सेकंद लख्ख दिसतो. दुर्बिणीचा पट्टा तेव्हा टोपीच्या दोरीत अडकलेला असतो.